अकूस्टिक गिटारसाठी अ‍ॅम्प: नोव्हेंबर ते जानेवारीच्या नोंदी

२ नोव्हेंबर: गरज आधी कागदावर

एक गिटार, एक गळा, आणि दोन्हींचा आवाज मोठा करायला आत स्पीकर असलेला एक अ‍ॅम्प. जागा तीन प्रकारच्या: ३०-४० माणसांचा कॅफे, सोसायटीची गच्ची किंवा क्लबहाउस, आणि ७०-८० खुर्च्यांचा हॉल, जिथे मिक्सर आणि स्पीकर हॉलचेच असतात. गिटार स्टीलच्या तारांची ड्रेडनॉट (मोठ्या पेटीची). सॅडलखाली (तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याखाली) पिएझो पट्टी (तारांची थरथर विजेत बदलणारी) आहे, आत प्रीअ‍ॅम्प (त्या कमजोर सिग्नलला सावरणारं सर्किट) नाही. गायिकेचा सा काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी). बजेट सगळं धरून ३०,००० रुपये. सामान रिक्षातून न्यायचं आणि दोन जिने चढवायचं, म्हणून अ‍ॅम्प १० किलोच्या आत हवा.

४ नोव्हेंबर: वॅटचा आकडा बाजूला ठेवला

दुकानात पहिला प्रश्न वॅटचा येतो, पण तो शेवटी विचारायचा. ३० वॅट आणि ६० वॅट यांत फरक फक्त ३ डेसिबलचा, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. एकाच पट्टीतले दोन अ‍ॅम्प पाहा. फिशमन लाउडबॉक्स मिनी ६० वॅटचा, साडेसहा इंची स्पीकर आणि १ इंची ट्वीटर (चढ्या सुरांचा छोटा स्पीकर), वजन ९ किलोच्या आसपास. मार्शल एएस५०डी ५० वॅटचा, ८ इंची दोन स्पीकर, वजन १६ किलोच्या आसपास. वॅट जवळपास सारखे, पण दुसरा उचलून दोन जिने चढणं हे वेगळंच काम. जड पेटी मोठ्या जागेत भरीव वाजते हेही खरं, पण आमच्या तीनपैकी दोन जागांना त्या भरीवपणाची गरज नाही.

यादीत मग चार गोष्टी उरल्या: ट्वीटर, माइकसाठी वेगळं चॅनल, मिक्सरला थेट सिग्नल देणारा डीआय आउट, आणि फीडबॅक (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून उठणारी घूं) येण्याआधी मिळणारा आवाज. चौथी गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. ती स्वतःच मोजावी लागते.

६ नोव्हेंबर: हाताशी होता तो इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प

१५ वॅट, ८ इंची स्पीकर. आवाज पुठ्ठ्याच्या खोक्यातून आल्यासारखा. इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्‌झच्या वर फारसं काही देत नाही आणि ट्वीटर तर नसतोच. तारेवर नख लागल्याची जी बारीक चमक असते, ती सगळी गेली. ट्रेबल पूर्ण उघडलं तर चमक आली नाही, उलट मधला पट्टा बोचायला लागला. तासभर नॉब फिरवण्यात गेला. तो वाचवता आला असता, कारण स्पीकरमध्ये जे नाही ते नॉबने येत नाही.

७ नोव्हेंबर: गिटार थेट मिक्सरला

डासाच्या गुणगुणीसारखा पातळ आवाज. खालच्या तीन तारा जवळपास गायब. पहिला संशय केबलवर, दुसरा जॅकच्या सोल्डरिंगवर. दोन्ही तपासण्यात संध्याकाळ गेली आणि दोन्ही ठणठणीत निघाले.

९ नोव्हेंबर: दोष कुठे होता

पिएझो पट्टी सर्किटमध्ये कपॅसिटरसारखी वागते. मल्टिमीटरवर या पट्टीचा आकडा आला १.१ नॅनोफॅरड. पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) जितका कमी, तितके खालचे सूर जास्त कापले जातात. केबल न धरता हिशेब असा: मिक्सरच्या १५ किलोओहमच्या लाइन इनपुटला ९,६०० हर्ट्‌झच्या खालचं सगळं उतरत जातं. १ मेगाओहमला ही सीमा १४५ हर्ट्‌झवर येते. खर्जाची ई तार ८२ हर्ट्‌झवर आहे, म्हणजे तिथेही ती थोडी मार खाते. १० मेगाओहमला सीमा १५ हर्ट्‌झच्या खाली जाते आणि प्रश्न मिटतो.

म्हणून अ‍ॅम्पच्या आधी प्रीअ‍ॅम्प घ्यायचं ठरलं. ज्यांच्या गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प आधीच आहे त्यांना या खर्चाची गरज नाही. बाकीच्यांनी अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात इनपुट इम्पिडन्सचा आकडा शोधावा. तो सापडला नाही, तर स्वतःची गिटार घेऊन जावं आणि खर्जाची तार एकटी वाजवून पाहावी. दुकानातली गिटार बहुतेक वेळा प्रीअ‍ॅम्पवाली असते. तिच्यावर सगळेच अ‍ॅम्प गोड लागतात, आणि घरी आणल्यावर स्वतःची गिटार तशी वाजत नाही.

१२ नोव्हेंबर: बी तार दबलेली

प्रीअ‍ॅम्प यायला तीन दिवस होते, तेवढ्यात दुसरं दुखणं सापडलं. तिसरी, म्हणजे जी (G) तार उसळून यायची, शेजारची बी तार मात्र अर्ध्या आवाजात. प्लग न लावता सगळ्या तारा सारख्या वाजत होत्या, म्हणजे दोष पिएझोवर पडणाऱ्या दाबात. तारा उतरवून सॅडल काढला. तळाला स्टीलची पट्टी धरून उजेडासमोर पाहिलं, तर बी तारेखाली केसाएवढी फट दिसली.

सपाट काचेवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून सॅडलचा तळ घासला. इथे चूक झाली. बोटांचा दाब एका कडेला जास्त पडल्याने तळ तिरका झाला आणि सॅडल खाचेत हलायला लागला. तो गेला. हाडाचा नवीन तुकडा २५० रुपये, पॉलिश पेपर ४० रुपये. दुसऱ्या वेळी सॅडल लाकडी चौकोनी ठोकळ्याला टेकवून घासला, दर दहा हातांनी उजेडासमोर धरून पाहिला. सहाही तारा समतोल आल्या. फटीत कागदाची घडी घालण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. तो आठवडाभर टिकतो, मग कागद दबतो आणि तार पुन्हा बसते.

१५ नोव्हेंबर: प्रीअ‍ॅम्प आला

जुना घेतला, ६,५०० रुपये. इनपुट १० मेगाओहम, नॉच (ठरावीक सूर कापणारा), फेज स्विच (सिग्नल उलटा करणारा), ९ व्होल्टची बॅटरी. पुण्याच्या तपकीर गल्लीतून ६ मीटर शील्डेड केबल ७० रुपये मीटरने आणि दोन चांगले जॅक प्रत्येकी १८० रुपयांना आणून केबल घरीच बांधली. पहिल्या जॅकमध्ये जाळी आणि आतली तार यांत एक सुटा धागा राहून गेला होता, आवाज अधूनमधून जायचा. मल्टिमीटरवर कंटिन्युइटी पाहताना केबल वाकवून हलवायची, तेव्हाच असा दोष पकडीत येतो. केबल सरळ पडलेली असेल तर मीटर सगळं ठीक दाखवतो.

तोच मिक्सर, तीच गिटार, आणि खर्ज परत आला.

२२ नोव्हेंबर: तीन अ‍ॅम्प भाड्याने, एका दिवसासाठी

प्रत्येकी ७०० रुपये, एकूण २,१००. नावं लिहीत नाही, कारण तिन्ही वापरलेले होते आणि त्यांच्या अवस्थेचा दोष कंपनीवर येऊ नये.

अ: ३० वॅट, दोन ५ इंची स्पीकर, सेलवरही चालणारा, वजन ५ किलोच्या आत.
ब: ६० वॅट, साडेसहा इंची स्पीकर आणि ट्वीटर, दोन चॅनल, ९ किलो.
क: १०० वॅट, ८ इंची स्पीकर आणि ट्वीटर, दोन चॅनल, १५ किलो.

जागा सोसायटीचं क्लबहाउस, अंदाजे २० बाय ३० फूट, लादी आणि उघड्या भिंती. तिघांसाठी पद्धत एकच. सगळे टोन नॉब मध्यावर, रिव्हर्ब बंद. अ‍ॅम्प वादकाच्या मागे दीड मीटरवर, स्टुलावर. फोनवरचा ध्वनिमापक ५ मीटरवर. आधी ७५ डेसिबलवर सगळे समान केले आणि मग चव घेतली. हा टप्पा गाळू नका. जो अ‍ॅम्प किंचित मोठा वाजतो तो कानाला नेहमी चांगलाच वाटतो, आणि निवड तिथेच चुकते. त्यानंतर घूं येईपर्यंत हळूहळू आवाज वाढवला.

अ ८४ डेसिबलपर्यंत स्वच्छ होता. पुढे खर्जाच्या तारा फाटायला लागल्या, पण घुमला नाही. ब ८६ वर घुमला. क ८३ वरच घुमला, आणि हे अनपेक्षित होतं. सर्वांत ताकदवान अ‍ॅम्पमधून वापरता येईल असा आवाज सर्वांत कमी मिळाला. त्याचा मोठा स्पीकर खालचा पट्टा भरभरून देतो आणि गिटारची पेटी त्याच पट्ट्यावर थरथरते. ‘क’चा बेस मध्यावरून, नॉबला घड्याळ मानून, ९ वाजताच्या खुणेवर आणल्यावर तो ८९ पर्यंत गेला. पण बेस कापूनच वापरायचा असेल, तर त्या बेससाठी १५ किलो वाहायचे कशाला?

२३ नोव्हेंबर: घूं नेमकी कुठून येते

अ‍ॅम्प सकाळी परत करायचे होते, म्हणून हे काम काल रात्री ९ ते ११ उरकलं, दारं-खिडक्या लावून. सगळ्यात उपयोगी निष्कर्ष इथेच हाती लागला.

गिटार मांडीवर, तारांवर डावा हात आडवा ठेवून त्या मुक्या केलेल्या. आवाज वाढवत नेला की आधी पेटीची पाठ पोटाशी थरथरते आणि एक-दोन सेकंदांनी घूं कानाला येते. त्या क्षणी दोन चाचण्या करायच्या. पहिली, उजवा तळवा साउंडहोलवर (गिटारच्या गोल भोकावर) ठेवायचा. दुसरी, तळहाताची टाच ब्रिजच्या (सॅडल बसतो त्या लाकडी तुकड्याच्या) मागे लाकडावर दाबायची.

तळव्याने घूं थांबली तर ती पेटीतल्या हवेची. या गिटारवर ट्यूनर अ‍ॅपने तिचा सूर पांढरी सहाच्या जवळ दाखवला, ११० हर्ट्‌झच्या किंचित खाली. सुटी ए तार अगदी तिथेच आहे. उपाय रबरी झाकण, ३५० रुपये. ब्रिजमागे दाबल्यावर थांबली तर ती वरच्या फळीची. तिला रबर काही करत नाही. तिच्यासाठी फेज स्विच किंवा नॉच.

‘ब’वर रबर लावलं आणि फेज उलटवली, तेव्हा ८६ चे ९१ झाले. फेज उलटवल्याने दर वेळी फायदाच होतो असं नाही. अ‍ॅम्प अर्धा मीटर मागे नेल्यावर तोच स्विच नुकसान करायला लागला. जागा बदलली की दोन्ही बाजू ऐकून ठरवायचं.

फळीची घूं २०५ हर्ट्‌झच्या आसपास होती. गायिकेचा सा काळी चार, म्हणजे २०८ हर्ट्‌झ. गिटारच्या पहिल्या पट्टीवर कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून जी (G) कॉर्ड धरून वाजवली की प्रत्येक सम फळीच्या त्या थरथरीवर येऊन पडते. तालमीत ठीक वाटणारं गाणं कार्यक्रमात का घुमतं, याचं उत्तर इथे मिळालं. नॉच २०५ वर लावून हलकेच कापला. पूर्ण कापला तर सा पोकळ ऐकू येतो. गायिकेची पट्टी आणि गिटारच्या पेटीचा सूर जवळ येतात का, हे प्रत्येक जोडीने एकदा तपासावंच.

३० नोव्हेंबर: ब जातीचा अ‍ॅम्प विकत

वापरलेला, १९,५०० रुपये. नवा घेतला असता तर बजेट फारच ओलांडलं असतं. पैसे देण्याआधी तपासलं ते असं. मागच्या बाजूला २३० व्होल्ट लिहिलंय का? परदेशातून आणलेले १२० व्होल्टचे अ‍ॅम्प बाजारात फिरत असतात. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवून खरखर ऐकली. रिव्हर्बच्या नॉबमध्ये थोडी होती, कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली. ट्वीटरला कान लावून पाहिला, कारण जळलेला ट्वीटर घाईत लक्षात येत नाही. डीआय आउट दुसऱ्या मिक्सरला लावून पाहिला. शेवटी २० मिनिटं मोठ्या आवाजात चालवला, कारण सोल्डरचे काही दोष गरम झाल्यावरच दिसतात.

७ डिसेंबर: कॅफे, ३५ माणसं

अ‍ॅम्प कोपऱ्यात जमिनीवर ठेवला, कारण जागा तेवढीच होती. कोपऱ्यातल्या दोन भिंती आणि जमीन मिळून बेस फुगवतात. शब्द कळेनात. पहिल्या तीन गाण्यांत गायिकेचा माइक वाढवत राहिलो. ती चूक होती, कारण साडेसहा इंची एकाच स्पीकरमधून गिटारचा खर्ज आणि गळा दोन्ही जात होते आणि खर्ज गळ्याला झाकत होता. चौथ्या गाण्याआधी गिटारचा बेस १० वाजताच्या खुणेवर आणला आणि माइकला हात लावला नाही. शब्द मोकळे झाले.

मध्यंतरात अ‍ॅम्प लाकडी खुर्चीवर, वादकाच्या बाजूला आणि किंचित पुढे आणला. खुर्ची लोखंडी असेल तर ती एखाद्या सुरावर खडखडते, खाली सतरंजीची घडी घालावी.

एक बारीक करकर सुरूच होती. ती पंख्याच्या गोल रेग्युलेटरची निघाली. पंखा पूर्ण वेगावर ठेवला की गेली. दिव्यांच्या डिमरचंही असंच.

१४ डिसेंबर: गच्ची

उघड्यावर भिंतींची मदत नसते. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. आवाज वाढवण्याऐवजी खुर्च्यांच्या सहा लांब रांगा मोडून तीन अर्धवर्तुळं केली आणि अ‍ॅम्प पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, बसलेल्यांच्या कानांच्या उंचीला ठेवला. पुरेसं झालं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे कार्यक्रम साडेसातलाच सुरू केला. छोट्या अ‍ॅम्पलाही हा नियम लागू आहे.

२१ डिसेंबर: हॉल, आणि जिवावर बेतेल अशी चूक

डीआय आउटमधून १० मीटरची एक्सएलआर (माइकला लागते तशी) केबल, १,१०० रुपये, हॉलच्या मिक्सरला. लावताक्षणी गुंई. डीआयचा ग्राउंड लिफ्ट (केबलमधली अर्थिंगची जोडणी तोडणारं बटण) दाबला, गुंई गेली, काम झालं असं वाटलं. दोन मिनिटांनी गायिका म्हणाली, माइकला ओठ लागले की झिणझिण्या येतात. ती लादीवर अनवाणी उभी होती.

अ‍ॅम्प लगेच बंद करून प्लग काढला. मल्टिमीटरने सॉकेट पाहिलं. फेज ते न्यूट्रल २२९ व्होल्ट. फेज ते अर्थिंग ८८ व्होल्ट, आणि आकडा तरंगता. तिथेही २३० च्या आसपासच हवा होता, म्हणजे सॉकेटला तीन भोकं होती पण अर्थिंग जोडलेलंच नव्हतं. तोवर अ‍ॅम्पचा सांगाडा एक्सएलआरच्या जाळीतून मिक्सरच्या अर्थिंगला जोडलेला होता. गळती त्या वाटेने वाहत होती आणि तीच गुंई म्हणून ऐकू येत होती. ग्राउंड लिफ्ट दाबून ती शेवटची वाटही आम्ही तोडली, आणि गळतीला गायिकेच्या ओठांतून रस्ता मिळाला.

मिक्सरच्या बोर्डावरचं अर्थिंग आधी मोजलं, ते बरोबर होतं. तिथून एक्स्टेंशन ओढून अ‍ॅम्प त्याच बोर्डावर घेतला. गुंईही गेली, झिणझिण्याही गेल्या. आता ३०० रुपयांचा सॉकेट टेस्टर पिशवीत असतो आणि केबल उघडण्याआधी तो लागतो. प्लगच्या तीन पिनांतली मोठी, अर्थिंगची पिन काढून गुंई घालवणारे लोक आहेत. तसं कुणी सुचवलं तर नाही म्हणायचं, कार्यक्रम थांबला तरी चालेल.

२८ डिसेंबर: बॅटरी

दुसऱ्या गाण्यात जोराचा हात पडला की आवाज फाटायला लागला. प्रीअ‍ॅम्पची बॅटरी मोजली: ६.९ व्होल्ट. नवी अल्कलाइन ९.५ च्या आसपास दाखवते. आदल्या तालमीनंतर जॅक रात्रभर लावलेलाच राहिला होता. जॅक आत असतो तोवर प्रीअ‍ॅम्प चालू असतो. आता ८ व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी कार्यक्रमाला न्यायची नाही. २२० रुपयांची एक सुटी बॅटरी गिटारच्या पिशवीत असते, तोंडावर चिकटपट्टी लावून, म्हणजे किल्ल्यांना लागून शॉर्ट होत नाही.

११ जानेवारी: हिशेब आणि खुणा

प्रीअ‍ॅम्प ६,५००, अ‍ॅम्प १९,५००, भाडं २,१००, सॅडलचं सामान २९०, रबरी झाकण ३५०, गिटारची केबल ७८०, एक्सएलआर १,१००, तीन बॅटऱ्या ६६०, टेस्टर ३००. एकूण ३१,५८०. बजेटच्या वर १,५८०. पहिल्याच आठवड्यात अ‍ॅम्प घेतला असता तर क जातीचा घेतला असता, आणि पिएझोचा दोष त्याच्या माथी मारून तो विकलाही असता.

अ‍ॅम्पच्या नॉबशेजारी पांढऱ्या पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. कॅफे: बेस १०, मधला ११, ट्रेबल १२ वाजताच्या खुणेवर, रिव्हर्ब ९. गच्ची: बेस १२, बाकी तसंच. हॉल: अ‍ॅम्प फक्त स्वतःला ऐकू येण्यापुरता, बाकी सगळं डीआयमधून. आमच्या अ‍ॅम्पचा डीआय टोन नॉबच्या आधीचा आवाज देतो, म्हणून हॉलमधला बेस मिक्सरवरच कापावा लागतो. हे १० तारखेच्या तालमीत कळलं, हॉलवाल्या ध्वनिसंयोजकाला पुढच्या वेळी आधीच सांगायचं आहे.